दापोलीतील एका घराचा रेकॉर्डर: निवड, वापर आणि एक नुकसान

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यातल्या चार माणसांच्या एका कुटुंबाचे आहे. घरात दूरचित्रवाणी संच एकच. सून रुग्णालयात परिचारिका असून तिची पाळी कधी सकाळी आठ ते दोन, कधी दोन ते आठ, तर कधी पूर्ण रात्रीची असते. मुलाचे बाजारपेठेत दुकान आहे आणि ते रात्री नऊनंतरच बंद होते. आजी-आजोबा दिवसभर घरी असत. सुनेला दोन मराठी मालिका, मुलाला क्रिकेट, आजोबांना सह्याद्री वाहिनीवरच्या बातम्या आणि शेतीचे कार्यक्रम, तर आजींना कीर्तन पाहायचे असे. यांपैकी बहुतेक सगळे संध्याकाळी सात ते अकरा या चार तासांतच प्रसारित होई. या कुटुंबाने दूरचित्रवाणीचे कार्यक्रम नोंदवून ठेवणारा रेकॉर्डर निवडताना, तो बसवताना आणि पुढे वापरताना मी सल्ल्यासाठी सोबत होतो, म्हणून हा वृत्तांत सविस्तर लिहीत आहे.

रेकॉर्डरचा विचार सुरू होण्याचे कारण साधे होते. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायची नवी दररचना १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली आणि प्रत्येक घराला आपापल्या वाहिन्या निवडण्याची वेळ आली. पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी करांखेरीज १३० रुपये आणि सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे, असा तो हिशेब होता. कागद घेऊन यादी करायला बसल्यावर कुटुंबाच्या लक्षात आले की, ज्या वाहिन्यांसाठी दरमहा पैसे भरायचे त्यांवरचे कार्यक्रम ज्यांना हवे आहेत, ती माणसे त्या वेळी घरीच नसतात. सुनेच्या दोन्ही मालिका साडेसात ते नऊच्या दरम्यान होत्या आणि महिन्यातले निम्मे दिवस ती त्या वेळी कामावर तरी असे किंवा झोपलेली तरी असे. कंपन्यांच्या अॅपवर मालिका नंतर पाहण्याची सोय तेव्हाही होती, परंतु त्या वाडीत ब्रॉडबँड पोहोचलेले नव्हते, मोबाइलची रेंज अंगणाच्या एका कोपऱ्यातच नीट मिळे आणि आजी-आजोबांना छोट्या पडद्यावर काही दिसत नसे.

काय घ्यायचे, हा पहिला प्रश्न

बाजारात चौकशी केली तेव्हा पहिल्या दुकानदाराने डीव्हीआर (डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर) म्हणून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर पुढे ठेवला. आपल्याकडे या नावाने मुख्यतः तेच यंत्र विकले जाते आणि दूरचित्रवाणीसाठी त्याचा काही उपयोग नाही, कारण त्यात वाहिनी पकडणारा ट्यूनर नसतो आणि कार्यक्रमांचे वेळापत्रकही त्याला कळत नाही. अशा खरेदीत पैसे अडकल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, म्हणून हे आधीच सांगून ठेवणे मला आवश्यक वाटते.

दुसरा पर्याय घरच्या संचाचाच होता. त्यांच्या एलईडी संचाच्या माहितीपत्रकात यूएसबीवर रेकॉर्डिंगची सोय असल्याचे छापलेले होते आणि मुलाचा आग्रह होता की एक पेनड्राइव्ह लावला की काम होईल. मात्र संचाची ही सोय फक्त त्याच्या स्वतःच्या ट्यूनरने पकडलेल्या वाहिन्यांपुरती असते. डीटीएचचा बॉक्स एचडीएमआय तारेने जोडला की संचापुढे येते ते तयार चित्र, आणि एचडीएमआयमधून येणारे ते चित्र संच नोंदवून ठेवत नाही. मध्ये एखादे चित्र उतरवून घेणारे कॅप्चर उपकरण लावण्याचा मार्गही कोणीतरी सुचवला होता. सशुल्क वाहिन्यांच्या एचडीएमआय चित्रावर एचडीसीपी हे नक्कल रोखणारे संरक्षण असते. प्रताधिकार कायद्यात २०१२ साली आलेल्या कलम ६५-ए अनुसार असे तांत्रिक संरक्षण मोडून काढणे हा गुन्हा ठरू शकतो, त्यामुळे तो विचार तिथेच सोडून दिला. याच कायद्यातील कलम ३९ मात्र प्रसारणाचे खाजगी वापरासाठी केलेले दृश्य मुद्रण उल्लंघन मानत नाही. घरी पाहण्यासाठी मालिका नोंदवून ठेवण्यात कायद्याची अडचण नाही, हे त्यामुळे स्पष्ट होते.

राहिला तिसरा मार्ग, म्हणजे डीटीएच कंपनीचाच रेकॉर्डिंग करणारा सेट-टॉप बॉक्स. भारतात असे बॉक्स २००८ पासून घरोघरी येऊ लागले होते. यांचे काम समजून घेतले तर निवड सोपी होते. उपग्रहावरून येणारा कार्यक्रम मुळातच आकुंचित डिजिटल प्रवाहाच्या रूपात येतो. बॉक्स त्या चित्रावर पुन्हा काही प्रक्रिया न करता तोच प्रवाह, कुलूपबंद अवस्थेतच, हार्ड डिस्कवर उतरवतो आणि पाहताना त्याच बॉक्समधील किल्लीने तो उघडतो. म्हणून नोंदवलेल्या कार्यक्रमाचा दर्जा थेट प्रक्षेपणासारखाच राहतो. याच कारणाने तो कार्यक्रम दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर चालत नाही. या दुसऱ्या गोष्टीचे गांभीर्य त्या दिवशी घरातल्या कोणाच्याही मनात पुरेसे उतरले नव्हते.

दुकानात सगळी चर्चा डिस्क किती जीबीची यावरच चालली होती. माझ्या मते तो या घरापुरता सर्वांत गौण मुद्दा होता. एचडी वाहिनीचा प्रवाह सेकंदाला साधारण आठ मेगाबिट धरला तर तासाला सुमारे ३.६ जीबी जागा लागते. साध्या दर्जाच्या वाहिनीला अडीच मेगाबिट धरल्यास तासाला एक जीबीच्या थोडी वर. सुनेच्या अर्ध्या तासाच्या दोन मालिका आठवड्यातून सहा दिवस एचडीमध्ये नोंदवल्या तरी ते सहा तास, म्हणजे जवळपास २२ जीबी झाले. साडेचार तासांचा ट्वेंटी-२० सामना १६ जीबीत बसतो. ५०० जीबीच्या डिस्कमधून बॉक्स स्वतःच्या कामासाठी काही भाग राखून ठेवतो, ते वगळले तरी शंभराहून अधिक तास हाती उरतात आणि चार माणसांचे घर महिन्यात तेवढे पाहूनही संपवत नाही.

खरा प्रश्न ट्यूनर किती, हा होता. एकच ट्यूनर असलेल्या बॉक्सवर मालिका नोंदवली जात असताना सामना पाहता येत नाही, म्हणजे ज्या भांडणासाठी यंत्र घ्यायचे ते भांडण तसेच राहते. दोन ट्यूनर असतील तर एक वाहिनी नोंदवता नोंदवता दुसरी पाहता येते, किंवा दोन वाहिन्या नोंदवत असताना आधी साठवलेला एखादा कार्यक्रम लावता येतो. कुटुंबाने दोन ट्यूनर आणि ५०० जीबी डिस्क असलेला एचडी बॉक्स घेतला.

बसवणी आणि पहिले महिने

छत्री बसवायला आलेल्या माणसाने जुनीच एक तार ठेवून तिला घरात दोन फाटे फोडणारा स्प्लिटर लावला आणि दोन्ही टोके बॉक्सच्या मागे जोडून दिली. दोन दिवस सगळे व्यवस्थित चालले. मग सुनेची मालिका नोंदवली जात असताना आजोबांनी बातम्या लावल्या की कधी पडदा रिकामा येई, तर कधी बातम्या व्यवस्थित दिसत आणि नोंदवलेली मालिका कोरी निघे. घरच्यांचा समज झाला की यंत्र सदोष आहे.

दोष यंत्रात नव्हता. छत्रीच्या तोंडाशी असलेला एलएनबी उपग्रहाचे संदेश उभ्या आणि आडव्या अशा दोन ध्रुवणांत वेगवेगळे घेतो आणि त्यांपैकी कोणते हवे हे ट्यूनर तारेतून १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून सांगतो. एकाच तारेवर दोन ट्यूनर जोडले आणि दोघांनी वेगवेगळे ध्रुवण मागितले, तर एलएनबी एकाचेच ऐकू शकतो. दोन वाहिन्या एकाच ध्रुवणात असल्या की सगळे सुरळीत, नसल्या की एक ट्यूनर आंधळा. बिघाड असा आलटून पालटून दिसत असल्यामुळेच तो ओळखणे अवघड जाते. दोन तोंडांचा एलएनबी आणि छत्रीपासून बॉक्सपर्यंत दोन स्वतंत्र तारा हा त्यावरचा उपाय आहे. तो करून घेतल्यावर ही तक्रार पुन्हा आली नाही. दोन ट्यूनरचा बॉक्स घेणाऱ्या प्रत्येकाने बसवणाऱ्यासमोरच दोन वेगवेगळ्या वाहिन्या एका वेळी नोंदवून पाहाव्यात आणि वाहिन्यांच्या निरनिराळ्या जोड्या घेऊन ही चाचणी करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

त्यानंतरची अडचण वेळापत्रकाची होती. बॉक्स कार्यक्रम नोंदवतो तो वाहिनीने पाठवलेल्या कार्यक्रम-पत्रिकेवर विसंबून. मालिका दोन मिनिटे आधी सुरू झाली की सुरुवात तुटते आणि शेवटचा प्रसंग पुढे सरकला की नेमका तोच हातचा जातो. यासाठी बॉक्समध्ये आधी आणि नंतर काही मिनिटे वाढवण्याची सोय असते व सुनेने ती लगेच वापरली. पण तिच्या दोन्ही मालिका एकाच वाहिनीवर लागोपाठ होत्या. पहिलीची वाढीव मिनिटे दुसरीच्या वेळेत शिरली आणि बॉक्सने त्या दोन स्वतंत्र नोंदी मानून दोन्ही ट्यूनर अडकवले. त्या वेळी घरात कोणी दुसरी वाहिनी लावू लागले की बॉक्स विचारे, कोणते रेकॉर्डिंग थांबवायचे? हा घोळ पत्रिकेतून कार्यक्रम निवडण्याऐवजी वेळ हाताने भरून सोडवला. त्या वाहिनीवर आठला दोन मिनिटे कमी असताना सुरू होऊन नऊ वाजून पाच मिनिटांपर्यंत एकच सलग नोंद ठेवली. एका नोंदीला एकच ट्यूनर लागतो, दोन्ही मालिका सुरक्षित येतात आणि रविवारचा महाएपिसोड तेवढा वेगळा लावावा लागतो.

क्रिकेटच्या बाबतीत तर पत्रिकेवर अजिबात विसंबू नये. सामन्याची छापील वेळ संपल्यावरही शेवटची षटके चालू असू शकतात, म्हणून मुलगा प्रत्येक सामन्याला पुढचा एक तास जोडून ठेवू लागला. त्याला या यंत्राचा सर्वाधिक आनंद मिळाला तो वेगळ्याच कारणाने. रात्री साडेनऊला घरी आल्यावर नोंद चालू असतानाच सामना पहिल्या चेंडूपासून लावायचा, जाहिराती पुढे सरकवायच्या आणि शेवटाकडे थेट प्रक्षेपणाला गाठायचे, अशी त्याची पद्धत बसली. भारतातील नियमाप्रमाणे वाहिनीला तासाला बारा मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात. तेवढा वेळ प्रत्येक तासामागे वाचला, तर दिवसभर उभे राहून दमलेल्या माणसाला तो नक्कीच जाणवतो.

आजींसाठी मुद्दाम काही केले नाही. रिमोटवरची यादीची कळ आणि मधली कळ एवढ्या दोनच त्यांना दाखवल्या. कीर्तनाच्या नोंदी यादीत वर राहाव्यात म्हणून सून पाहून झालेले भाग रोज पुसून टाकू लागली, आणि घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीने हे यंत्र सर्वांत आधी आत्मसात केले.

पाऊस आणि वीज

दापोलीत जून ते सप्टेंबर हे महिने रेकॉर्डरची परीक्षा पाहणारे असतात. डीटीएचचे प्रसारण केयू पट्ट्यात, म्हणजे साधारण ११ ते १२ गिगाहर्ट्झच्या आसपास होते. या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या घरात असल्यामुळे दाट सरींमधून येताना त्या क्षीण होतात. थेट पाहणारा माणूस सर ओसरेपर्यंत थांबतो. रेकॉर्डर थांबत नाही, तो चित्राऐवजी खंड नोंदवत राहतो. ६० सेंटिमीटरऐवजी ९० सेंटिमीटरची छत्री लावल्यास सुमारे साडेतीन डेसिबलचा फायदा होतो आणि मध्यम पावसात तो पुरतो, मात्र आषाढातल्या मुसळधार सरीत तेवढ्याने भागत नाही. इथे सुनेने स्वतः शोधलेला उपाय मला सर्वांत शहाणपणाचा वाटला. मालिकांचे पुनःप्रसारण दुसऱ्या दिवशी दुपारी होत असे, म्हणून पावसाळ्याच्या चार महिन्यांत ती रात्रीची आणि दुपारची अशा दोन्ही नोंदी लावून ठेवी. डिस्कमध्ये जागा मुबलक होतीच, त्यामुळे एक नोंद भिजली तरी दुसरी हाती येई.

विजेचे गणित थोडे निराळे होते. घरात इन्व्हर्टर होता, पण दूरचित्रवाणीचा भार नको म्हणून त्या भिंतीचा सॉकेट त्यावर घेतलेला नव्हता. नोंद करण्यासाठी संच चालू असण्याची गरजच नसते, लागतो तो फक्त बॉक्स आणि तो साधारण २० वॉट घेतो. म्हणजे सतत चालू ठेवला तरी महिन्याला चौदा-पंधरा युनिट. एवढा भार इन्व्हर्टर सहज उचलतो. बॉक्सची तेवढी एक तार इन्व्हर्टरच्या सॉकेटवर घ्यावी आणि इन्व्हर्टरचे बटण यूपीएस स्थितीत ठेवावे, म्हणजे वीज गेल्याक्षणी बॉक्स बंद पडून नव्याने सुरू होणार नाही, असे मी सुचवले होते. ‘पुढच्या महिन्यात वायरमनला बोलावू’ असे म्हणता म्हणता ते राहून गेले.

नुकसान

२०१९ च्या हिवाळ्यात सह्याद्री वाहिनीच्या एका शेतीविषयक कार्यक्रमात आजोबांची मुलाखत आली. काजूच्या कलमांविषयी ते त्यांच्या स्वतःच्या बागेत उभे राहून बोलले होते. कार्यक्रम नोंदवला गेला, त्याला न पुसण्याची खूण लावली गेली आणि पाहुणे आले की तो लावला जाऊ लागला. पुढे मार्च २०२० मध्ये आजोबा वारले.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगडच्या पट्ट्यात मोठी हानी केली. या घराची छत्री वाकली, कौले उडाली आणि वीज बरेच दिवस नव्हती. ती परत आली तेव्हा कितीतरी वेळा येऊन-जाऊन राहिली. त्या धक्क्यांत बॉक्सची डिस्क बिघडली. बॉक्स सुरू होई, यादी दिसे, आणि कोणतीही नोंद लावली की पडदा गोठे. कंपनीने बॉक्स बदलून दिला. जुनी डिस्क बाहेर काढून दुरुस्त करून घेतली तरी तिच्यावरची सामग्री त्या एका बॉक्सच्या किल्लीनेच उघडली असती, आणि तो बॉक्स परत गेला होता. नातेवाइकांपैकी एकाने दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून मोबाइलवर घेतलेला दोन मिनिटांचा तुकडा तेवढा शिल्लक आहे.

या प्रसंगाकडे मी बराच काळ विचारपूर्वक पाहिले आहे. इन्व्हर्टरची तार वेळेवर जोडली असती तर डिस्क कदाचित वाचली असती, परंतु मुळातली अडचण तिने सुटली नसती. हार्ड डिस्क दिवसरात्र फिरत असते, कारण थेट प्रक्षेपण थांबवून मागे नेण्याच्या सोयीसाठी बॉक्स चालू वाहिनी अखंड लिहीत राहतो. अशी डिस्क काही वर्षांनी बिघडणार, हे गृहीत धरूनच वागले पाहिजे. वर्गणी खंडित झाली, कंपनी बदलली किंवा बॉक्स बदलला, तरी परिणाम तोच होतो. कंपनीच्या रेकॉर्डिंग बॉक्सचे काम कार्यक्रमाची वेळ पुढे ढकलण्याचे आहे. जे जपायचे आहे ते त्यात ठेवू नये, हे या घराला खरेदीच्या दिवशीच कोणीतरी ठासून सांगायला हवे होते.

दुसरी मांडणी

नव्या बॉक्सवर मालिका आणि क्रिकेट पूर्वीसारखेच सुरू झाले, या वेळी इन्व्हर्टरच्या तारेसह. त्याच्या शेजारी एक वेगळी मांडणी केली गेली. सह्याद्री ही दूरदर्शनची वाहिनी डीडी फ्री डिशवर विनाशुल्क आणि कुलुपाशिवाय मिळते. त्यासाठी ९३.५ अंश पूर्वेकडील उपग्रहाकडे रोखलेली स्वतंत्र छत्री लागते. तिला यूएसबीवर नोंद करणारा साधा फ्री-टू-एअर, म्हणजे कुलूप नसलेल्या विनाशुल्क वाहिन्या पकडणारा, बॉक्स जोडला. या बॉक्सवर झालेली नोंद टीएस प्रकारच्या साध्या फाइलच्या रूपात पडते आणि ती संगणकावर व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये चालते, दुसऱ्या डिस्कवर उतरवता येते, कोणाला देताही येते.

हा बॉक्स घेताना एक खबरदारी उपयोगी पडली. सगळेच फ्री-टू-एअर बॉक्स अशी उघडी फाइल लिहीत नाहीत, काही आपल्याच खास पद्धतीने लिहितात. म्हणून मुलगा पेनड्राइव्ह आणि लॅपटॉप घेऊनच दुकानात गेला, तिथल्या जोडणीवर पाच मिनिटांची नोंद केली, ती लॅपटॉपवर चालवून पाहिली आणि मगच पैसे दिले. दुकानदाराने दाखवलेला पहिला बॉक्स या चाचणीत नापास झाला. नेहमीच्या नोंदींसाठी पेनड्राइव्हऐवजी लहान पोर्टेबल हार्ड डिस्क ठेवली, कारण स्वस्त पेनड्राइव्ह सलग लिहिताना अडखळतो आणि चित्र तुटते. बॉक्सच्या यूएसबी खाचेतून डिस्कला पुरेशी वीज मिळत नसल्यामुळे मध्ये स्वतंत्र अॅडॅप्टरचा यूएसबी हब लावावा लागला. डिस्क एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर एका फाइलची मर्यादा चार जीबी असते. सह्याद्रीच्या साध्या दर्जाच्या प्रसारणात तीन तासांहून मोठा कार्यक्रम क्वचितच असतो, त्यामुळे ही मर्यादा इथे आड आली नाही, पण एचडी नोंद करणाऱ्याची फाइल तासाभरानंतर तुटू शकते.

आजींची कीर्तने आता दोन ठिकाणी साठतात. महत्त्वाचे वाटले की मुलगा ती फाइल लॅपटॉपवर आणि दुसऱ्या एका डिस्कवर उतरवतो, आणि ती दुसरी डिस्क बहिणीच्या घरी असते.

गेल्या काही वर्षांत वाडीत फायबरची तार आली आहे. सून आता बहुतेक भाग अॅपवर पाहते, तेही रुग्णालयातून परतताना एसटीच्या थांब्यावर. पावसात छत्री बंद पडली तरी तिला फरक पडत नाही. अॅपवरचे कार्यक्रम किती दिवस राहतील हे मात्र कंपनी ठरवते, आणि सामने पाहण्यासाठी तिथे वेगळी वर्गणी आहे. त्यामुळे मुलाने रेकॉर्डर सोडलेला नाही. या घराला मी दिलेला सल्ला असा आहे की सध्याचा कंपनीचा रेकॉर्डिंग बॉक्स चालेल तोवर चालवावा, तो बंद पडला की पुन्हा त्याच प्रकारचा घेऊ नये. आता अशा बॉक्सची निवड पूर्वीइतकी राहिलेली नाही आणि फायबर असलेल्या घरात मालिकांसाठी त्याची गरजही उरत नाही. फ्री डिशची जोडणी मात्र ठेवावी, पोर्टेबल डिस्क बिघडण्याआधीच दर तीन-चार वर्षांनी बदलावी आणि जुनी डिस्क भरलेलीच कपाटात राहू द्यावी. कुटुंबाने यातले पहिले दोन मुद्दे मान्य केले आहेत. तिसऱ्यावर आजींचे म्हणणे पडले की कपाटात ठेवायची ती डिस्क त्यांच्या कपाटात ठेवावी, आणि तसेच ठरले आहे.